माती विकत कशाला आणायची?

जानेवारी सरत आला की सिंहगड रस्त्यावर दोन तऱ्हेची पोती दिसायला लागतात. एक रोपवाटिकांच्या दाराशी रचलेली: लाल माती, शेणखत, कोकोपीट. दुसरी सोसायट्यांच्या फाटकाबाहेर टेकवलेली, तोंड सुतळीने आवळलेली, आत वाळलेली पानं. पहिली आपण पैसे मोजून रिक्षात घालून घरी आणतो. दुसरी कोणीतरी उचलून न्यावीत म्हणून वाट बघतो. कोणी नेली नाहीत की एखाद्या पहाटे कोपऱ्यावर धूर निघतो आणि फिरायला निघालेली ज्येष्ठ मंडळी नाकाला रुमाल लावून पलीकडच्या फुटपाथवर जातात. या दुसऱ्या पोत्यातून दोन-तीन महिन्यांत पहिल्या पोत्यापेक्षा सरस माल निघतो. तरी बाल्कनीत चार कुंड्या ठेवायच्या म्हटलं की पुणेकर आधी माती विकत आणायला धावतो. हे थांबायला हवं असं माझं मत आहे. सोसायटीच्या सभेत ते मांडून झालं, म्हणून आता इथे मांडते.

मी शेतकीचं काही शिकलेले नाही. बँकेत कॅश काउंटरवर नोकरी केली, त्यामुळे आत काय आलं आणि बाहेर काय गेलं हे ताडून बघायची खोड आहे. आनंदनगरला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. बाल्कनी नऊ फूट बाय चार फूट, तोंड पश्चिमेला. एका टोकाला वॉशिंग मशीन, वर कपड्यांच्या दांड्या. उरलेल्या जागेत कढीपत्ता, गवती चहा, अळू, ओवा, मिरच्या, मोगरा, तुळस आणि ग्रीलवर चढवलेला मायाळू. कुंड्या म्हणाव्यात अशा थोड्याच. बाकी तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या आणि भाजीवाल्याने टाकून दिलेले क्रेट. हे सगळं पानांच्या आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतावर उभं आहे.

आधी वजनाचं बोलू, कारण त्याबद्दल रोपवाटिकेत कोणी बोलत नाही. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते. पाणी घातल्यावर ती पंचवीस किलोंच्या घरात जाते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा तुकड्यात अशा नऊ कुंड्या शेजारी शेजारी बसतात, म्हणजे सव्वादोनशे किलो झाले. इमारतींवरच्या भारासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्यात निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात आणि जिथे माणसं जाऊ-येऊ शकतात अशा गच्चीसाठी सुमारे १५० किलो. मग त्या बाल्कनीत वॉशिंग मशीन चालू असताना तीन माणसं मिरवणूक बघायला उभी राहिली की हिशोब कुठे जातो ते तुम्हीच बघा. गच्चीवर तर मातीच्या कुंड्या चिकटून मांडल्या की मर्यादा तिथेच ओलांडली. शिवाय बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून बाहेर काढलेला असतो, त्याला तोलणाऱ्या सळ्या वरच्या अंगाला असतात आणि कुंडीखाली मुरणारं पाणी आधी त्यांच्यापर्यंतच पोचतं. पानांच्या खताने भरलेला तेवढाच डबा ओला असताना मातीच्या कुंडीच्या निम्म्यावर भरतो. वयाची साठी ओलांडलेल्या बाईला तो स्वतः उचलून उन्हातून सावलीत नेता येतो, हा फायदा कुठल्याच मानकात लिहिलेला नाही.

वजनावरूनच आणखी एक. कठड्यावर कुंडी ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि ते मिटणार नाही. बारा मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपासून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. वळवाच्या वाऱ्याला फक्त एक धक्का पुरतो. कठड्याच्या आतल्या बाजूला, जमिनीवर किंवा बॉक्स ग्रीलच्या आत ठेवा. फुलं रस्त्यावरून दिसली नाहीत तर काही बिघडत नाही.

आता मातीकडे. पुण्याची स्वतःची माती काळी, बेसाल्टची. शेतात ती सोनं आहे, कारण तिच्याखाली खोली असते आणि भेगांमधून हवा खेळते. तीच डब्यात भरली की पावसाळ्यात चिखल आणि एप्रिलमध्ये वीट. मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून रोपवाटिकावाले लाल माती देतात. ती येते सह्याद्रीच्या बाजूने, कुठल्यातरी उतारावरून खरवडून. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि आपण ती शेवंती लावायला आणतो. शेवंती संपली की कुंडी रिकामी करून ती माती डक्टमध्ये किंवा कचऱ्यात लोटतो. कोकोपीटच्या विटा पोल्लाचीकडून हजारभर किलोमीटर ट्रकने येतात. आणि आपल्याच गल्लीतल्या रेन ट्रीची पानं आपल्याच गल्लीत जळतात. कॅश काउंटरवर असा ताळेबंद कोणी समोर ठेवला असता तर मी परत पाठवला असता.

एका उरुळीतून आपल्याकडे रोपं येतात आणि दुसऱ्या उरुळीत आपला कचरा जात आला. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी आणि उरुळी कांचनचा पट्टा रोपवाटिकांसाठी सगळ्या राज्याला माहीत आहे. सासवडच्या वाटेवरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीत पुण्याने वर्षानुवर्षं कचऱ्याचे डोंगर रचले, तिथल्या विहिरी नासवल्या. २०१७च्या एप्रिल-मेमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पेठांपासून कोथरूडपर्यंत कचरा रस्त्यावर साठला, तेव्हा कुठे शहराला आपल्या बादलीत काय असतं ते कळलं. त्या बादलीतलं बहुतेक सगळं साल, देठ, चोथा आणि शिळं अन्नच असतं. चौघांच्या घरात रोजचा अर्धा-पाऊण किलो. कुजून झालं की त्याचं वजन चौथा-पाचवा हिस्साच उरतं. म्हणजे एका घराचा ओला कचरा एका बाल्कनीत सहज जिरतो, वर बाल्कनीला कमीच पडतो.

यात माझं डोकं काहीच नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, द्राक्षबागाईतदारांना एकमेकांच्या शेतांवर शिकायला लावलं, आणि ऊन हे आपलं खरं भांडवल असून पालापाचोळा ही त्याची साठवण आहे हे उभ्या महाराष्ट्राला समजावलं. शहरातल्या माणसाने गच्चीवर काय करावं याचाही त्यांनी विचार केला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी उसाची चिपाडं पिशव्यांत आणि पिंपांत भरून गच्चीवर भाज्या आणि फळं घेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गच्चीवर स्वयंपाकघराचा कचरा जिरवून बाग उभी केली, आणि पुढे अनेकांना ती शिकवली. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६मध्ये ‘ब्राउन लीफ’ सुरू केलं: ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांची गाठ ज्यांना पानं हवीत त्यांच्याशी घालून द्यायची. इतकी साधी गोष्ट, पण ती करायला कोणीतरी लागलंच.

पानांतही डावं-उजवं असतं. रेन ट्रीची पानं सगळ्यांत चांगली. बारीक, पातळ, शेंगवर्गातल्या झाडाची, त्यामुळे लवकर मोडतात. सोनमोहोर आणि गुलमोहराची तशीच. पिंपळ आणि कडुनिंब चालतात. देशी बदामाचं पान सुपाएवढं, ते हाताने चुरून टाकावं लागतं. आंब्याचं पान चिवट आणि वरून मेणचट, ते वर्षभर तसंच राहतं. आंब्याची पानं खाली तळाला घालावीत, पाणी निघायला बरी. निलगिरी मी घेत नाही. आणि उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे चिपाड मागा. कानिफनाथ काय, नवनाथ काय, घुंगरांचा आवाज येईल तिथे चिपाडाचा ढीग असतोच. ती मंडळी बहुतेक पुरंदरच्या बोपगावाकडची, शेतीतली, त्यांना कशाला हवं हे समजावून सांगावं लागत नाही. मात्र साखर धुऊन जाईपर्यंत चिपाड एक-दोनदा पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर मुंग्यांचं संमेलन भरतं.

भरायची रीत अशी. डब्याला तळाशी आणि तळापासून इंचभर वर बाजूने भोकं. खाली नारळाच्या शेंड्या, वर चिपाड, मग पानं आणि स्वयंपाकघरातला कचरा यांचे थर. पानं तीन ओंजळी असतील तर कचरा एक ओंजळ. शास्त्रात याला कर्ब-नत्राचं प्रमाण म्हणतात, ते तिसास एक असलं की जिवाणू खूश असतात. वाळक्या पानांत कर्ब जास्त, भाजीच्या देठांत नत्र जास्त. पण हात भिजवून मूठभर माल दाबून बघितला तरी कळतं. पाण्याचे दोन थेंब सुटले तर बरोबर, धार लागली तर पानं घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. विरजणाला आंबट ताक, नाहीतर गेल्या डब्यातलं मूठभर खत. दर चार-पाच दिवसांनी काठीने खालवर करा. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे काम झपाट्याने होतं, डिसेंबरात रेंगाळतं. माल काळा, भुसभुशीत झाला, पावसाळ्यातल्या रानासारखा वास यायला लागला की लावा काय लावायचं ते. झाड वाढताना डबा खाली बसत जातो, त्यावर पुन्हा पानं घालत राहायचं. कढीपत्त्यासारखं वर्षानुवर्षं राहणारं झाड असेल तर जुन्या कुंडीतली दोन-तीन ओंजळी माती मिसळलेली बरी, मुळांना पकड मिळते. तेवढी माती प्रत्येक घरात कुठल्यातरी मेलेल्या गुलाबाच्या कुंडीत शिल्लक असतेच.

पुण्याचा उन्हाळा हा या पद्धतीचा खरा वकील. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलच्या दुपारी पारा ४०च्या आसपास असताना काळी प्लास्टिकची कुंडी हात लावू देत नाही. आतली मुळं शिजतात. वर दोन इंच पानांची दुलई असेल आणि डब्याभोवती जुनं गोणपाट गुंडाळलेलं असेल तर सकाळचं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतं. २०२३च्या मे महिन्यात महापालिकेने दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मजल्यावर लाल मातीतल्या मोगऱ्यांनी शुक्रवारी माना टाकल्या. तांदूळ आणि डाळी धुतलेलं पाणी झाडांना घालायला तेव्हापासून शेजारच्या काकूही शिकल्या. (उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीवाल्यांनी हिरमुसू नये. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. बाकीचे महिने अळू, ओवा, पुदिना, हळद सावलीत गुमान वाढतात.)

भाजीचे पैसे वाचतात का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. नाही वाचत. नऊ बाय चारमध्ये चौघांची पालेभाजी पिकत नाही. पिकते असं जो सांगतो तो तुम्हाला काहीतरी विकायला आलेला आहे. टोमॅटोचं एक रोप बाल्कनीत जितकी सेवा मागतं त्या मानाने मंडईतला टोमॅटो महाग असतानासुद्धा स्वस्त. पण कढीपत्ता, गवती चहा, मिरची, ओवा, अळूवडीपुरता अळू या गोष्टी हव्या तेव्हा, हव्या तितक्याच तोडता येतात. दहा रुपयांची कढीपत्त्याची जुडी फ्रिजमध्ये काळी पडायची ती आता पडत नाही. मोनस्टेरा आणि फिडल लीफ आणणाऱ्या तरुण मंडळींना मी नावं ठेवत नाही, त्यांनाही पानांचं खत आवडतं. नावं ठेवते ती प्लास्टिकच्या हिरवळीची चटई अंथरून ‘ग्रीन बाल्कनी’ म्हणणाऱ्यांना.

आक्षेप येतात त्यातले दोन खरे आहेत. पहिला चिलटांचा. ओला कचरा उघडा ठेवला की चिलटं येणारच. दर वेळी वर पानांचा जाड थर दिला की येत नाहीत, त्यामुळे पानांचं पोतं हाताशी असणं ही चैन नाही, गरज आहे. खरकटं, मासळी, तेलकट पदार्थ बाल्कनीत घालू नयेत. दुसरा आक्षेप डासांचा, आणि तो गंभीर आहे. २०२४च्या जूनमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आधी एरंडवण्यात सापडले आणि पावसाळाभर आकडा वाढत गेला. झिका आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या वाटीभर स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठवडा-दहा दिवसांत तिथून डास उडतो आणि पाणी आटलं तरी अंडी महिनोन् महिने तग धरतात. तेव्हा जूननंतर ताटल्या काढून टाका. खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून ताटली हवीच असेल तर त्यात वाळू भरा आणि आठवड्यातून एकदा घासा, नुसतं पाणी ओतून अंडी निघत नाहीत. पालिकेचे कर्मचारी तपासायला आले की आपण दार उघडायला कुरकुरतो, पण तपासणी त्यांनी बाल्कनीतच करायला हवी.

सोसायटीच्या कमिटीचे बाकीचे आक्षेप मात्र मला पटत नाहीत. कुंड्यांना सरसकट बंदी घालणारी पाटी लावणं सोपं, वजन आणि गळती बघून नियम करणं कष्टाचं. आणि ज्या सोसायट्या वास येतो म्हणून ओरडतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मागच्या अंगाला गांडूळखताचे हौद बांधलेले असतात. बांधकामाची परवानगी मिळावी म्हणून बिल्डरने ते बांधलेले असतात, मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळावी म्हणून कागदावर ते चालूही असतात, आणि प्रत्यक्षात त्यात मोडकी कमोडची झाकणं आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू पडलेले असतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर तो जागेवरच जिरवायची जबाबदारी टाकली, तेव्हा बऱ्याच जणांनी यंत्रं घेतली. यंत्र बिघडलं की पुन्हा घंटागाडी.

महापालिकेकडे माझी मागणी नवीन बगीचे काढा अशी नाही. जानेवारी ते एप्रिल प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत पानं टाकायची आणि पानं न्यायची एक जागा द्या. पानं जाळायला बंदी आहेच, पण झाडणाऱ्या माणसाच्या हातात ढीग दिला आणि ढीग न्यायला गाडी दिली नाही तर तो बिचारा काय करणार? दारोदार ओला-सुका कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंच्या ढकलगाडीत पानांची पोती मावणार नाहीत. त्यांच्या कामाला २००८पासून पालिकेशी करार आहे, पानांच्या कामाचे वेगळे पैसे ठरवून त्यांना विचारलं तर कदाचित तेही उभं राहील. पालिकेच्या उद्यानांत जे पानांचं खत होतं त्यातलं थोडं नागरिकांना वाजवी भावात विकायला ठेवा. आणि हौदांची सवलत देताना हौदाचं झाकण उघडून बघा. निरीक्षकाला एवढंच करायचं आहे.

आमच्या सोसायटीत या सगळ्यातलं किती झालं? पानं जाळणं बंद झालं, कारण वॉचमनला मीच रोज सकाळी दिसते. हौद अजून बांबूंच्या ताब्यात आहे. कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, विषयपत्रिका त्याच्या आधी फिरते. मी लेखी विषय दिला आहे: हौद रिकामा करणे, पानगळीसाठी जाळीचा एक पिंजरा करणे, सहा फूट बाय चार फूट, पार्किंगच्या मागच्या भिंतीला. खर्चाचा अंदाजही जोडला आहे. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, पिंजरा होईल हो, पण ढीग खालवर कोण करणार?” मी माझं नाव पहिलं लिहून दिलं आहे. खाली अकरा रेघा मारून जागा सोडली आहे, एका महिन्याला एक घर याप्रमाणे. कागद लिफ्टशेजारच्या फळ्यावर आहे, पेनही बांधून ठेवलं आहे.